बिरदेवापुढचा हॉर्न

ज्योत्स्नाचं हसू एक दिवस तिला गोत्यात आणणार, ही धास्ती माझ्या मनातून काही केल्या जात नव्हती. मुलगी बारामतीत बँकेत नोकरी करते, चारचौघांत उठते-बसते, पण हसू आलं की आवरत नाही. मागे तिला बघायला आलेल्या मुलाच्या काकांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली आणि चहा त्यांच्याच मिशीवर उडाला. ही हसत आत पळाली ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. स्थळ गेलं.

अशा मुलीने यंदा, म्हणजे शहाण्णव साली, मोटारींची रॅली काढली. "शर्यत नव्हे गं आई," ती मला समजवायची. "ठरल्या वेळेला पोचेल तो जिंकला. लवकर पोचला तरी गुण कापायचे." रस्ते मात्र निवडले इंदापूरकडच्या वनखात्याच्या रानातले, जिथे बैलगाडीसुद्धा विचार करून जाते. वनपाल कोकरे साहेबांकडे तिने अख्खा पावसाळा खेटे घातले. शेवटी ते एका अटीवर तयार झाले. रानात चिंकारा हरणं आहेत, एकही हॉर्न वाजता कामा नये. वाजला तर पुढच्या वर्षी परवानगी नाही. आणि ज्योत्स्नाला तर पुढच्या वर्षी पार सोलापूरच्या गाड्या बोलवायच्या होत्या.

अडचण एकच. रस्त्यात बिरदेवाचं देऊळ, आणि देवळापुढून हॉर्न न देता जाणारा ड्रायव्हर आपल्याकडे अजून जन्मायचाय. माळेगावचे रामहरी तात्या त्यांची अँबॅसडर घेऊन आले होते. ते म्हणाले, "पोरी, हात जोडावं तर स्टेरिंग सुटतंय. म्हून हॉर्न द्यायचा. देवाला समजतं."

"तात्या, आज मनातल्या मनात द्या."

"मनातला हॉर्न? त्यो कुठल्या दुकानात मिळतो?"

ज्योत्स्नाने मग निघण्याआधीच सगळ्या गाड्यांच्या हॉर्नच्या वायरी काढून टाकल्या. आमच्या फियाटची तेवढी ठेवली. "मी थोडीच वाजवणार आहे?"

आम्ही दोघी फियाट देवळाजवळ उभी करून वेळा टिपत बसलो. शेजारी मोटरसायकलला टेकून कोकरे साहेब. एकेक गाडी आली. प्रत्येकाचा हात सवयीने हॉर्नवर जायचा, आवाज यायचा नाही, चेहरा ओशाळायचा. बाभळींखालून हरणं निवांत बघत होती.

शेवटी तात्या आले. हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग फेट्यासकट डोकं खिडकीबाहेर काढून देवळाकडे बघत ते घसा फाडून ओरडले, "पोंऽऽ! पोंऽऽऽ!"

कोकरे साहेबांनीसुद्धा तोंडाला रुमाल लावला. ज्योत्स्ना मात्र हसता हसता पुढे कोलमडली आणि तिचं कपाळ पडलं ते थेट आमच्या हॉर्नवर. हसण्यामुळे डोकं वर येईना, म्हणून हॉर्न थांबेना. मी वेणी धरून तिला मागे ओढली तेव्हा कुठे तो थांबला. हरणं केव्हाच दिसेनाशी झाली होती.

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "मॅडम, अट म्हणजे अट. पुढच्या वर्षी विसरा."

घरी आल्यावर ती जेवली नाही. "आई, तू म्हणायचीस तेच खरं," एवढंच बोलली. तिच्या वडिलांनी, बुद्धघोषांनी, ताटावर बसून तात्यांसारखं "पोंऽऽ" करून पाहिलं. ती हसली नाही. तिच्या हसण्याची मला आयुष्यभर धास्ती, पण आज ती हसली नाही याने माझी झोप उडाली आहे. सगळे झोपलेत, मी लिहीत बसले आहे.

एक गोष्ट मात्र तिने पाहिली नाही. ती गाडीत डोळे पुसत होती तेव्हा कोकरे साहेब मोटरसायकलवरून निघाले. देवळासमोर आले, आणि त्यांचा अंगठा आपोआप दाबला गेला. पीप्! त्यांनी दचकून मागे पाहिलं. मी त्यांच्याकडेच बघत होते.

उद्या त्यांचं ऑफिस उघडलं की मीच फोन लावणार आहे. भांडणार नाही. एवढंच विचारीन, "साहेब, पुढच्या वर्षी तुमच्या गाडीची वायरपण आम्हीच काढायची ना?"