माझ्या माणसाचा सुरुंग

मी त्या दिवशी विहिरीवर नव्हतो. मेहकरच्या कोर्टाच्या खेपा घालताना हे मी इतक्यांदा सांगितलं, की पुढे मलाच त्याचा वीट आला.

विहिरी खोदून देणं हा माझा धंदा. साखरखेर्ड्याच्या आसपास चार-पाच हात माती गेली की काळा पाषाण लागतो, आणि सुरुंगाशिवाय तो हलत नाही. दारूचा परवाना माझ्या नावावर होता. सुरुंग भरायला एक म्हातारे मुसलमान कारागीर रोजानं ठेवले होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. पहारीनं भोक पाडायचं, दारू ठासायची, विहिरीचं तोंड लाकडांनी आणि बाभळीच्या फांद्यांनी झाकायचं, वाटेवर माणूस उभा करायचा, तीन हाका द्यायच्या आणि मगच वात पेटवायची. इतक्या वर्षांत चाचांनी यातलं काही चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी बाजार होता. निघताना मी म्हणालो, "चाचा, आज दोन सुरुंग उडालेच पाहिजेत. पाऊस तोंडावर आला."

"होतीन, मालक. जा तुम्ही."

बाजारात लोहाराकडे पहारींची बोथट टोकं शेवटून घेत बसलो होतो, तेव्हा गडी धापा टाकत आला. पहिला सुरुंग नीट उडाला होता. दुसऱ्याच्या वेळी विहिरीचं तोंड अर्धंच झाकलेलं, वाटेवरचा माणूस पाणी प्यायला गेलेला, आणि हाक एकदाच दिलेली. जळतणाचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईच्या नडगीवर दगड येऊन पडला.

मी पोचलो तोवर चाचा तिला गाडीत घालून मेहकरच्या दवाखान्याकडे निघाले होते. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पुढे ते जुळलं, पण वाकडं.

तिच्या नवऱ्यानं दावा लावला, चाचांवर आणि माझ्यावर. मी वकील गाठला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, "नोकरानं धन्याच्या कामात केलेली चूक कायद्यानं धन्याच्या अंगावर येते. तुम्ही तिथं होता की नव्हता, याला महत्त्व नाही. मात्र त्यानं काम मक्त्यानं घेतलं असेल, तर त्याचं तो निस्तरेल. चाचा कसे होते तुमच्याकडे?"

"रोजानं."

"कुठं लिहिलेलं आहे?"

"नाही."

"मग मक्त्यानं होते," असं म्हणून ते पानाला चुना लावू लागले.

तारखांवर तारखा पडत गेल्या. मधेच मुन्सफ बदलले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अंधार असतानाच गाडी जुंपायची, दिवसभर कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली बसायचं, आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. ती बाईही यायची, पाय लांब करून बसायची. तिचा नवरा, चाचा आणि मी एकाच माठातलं पाणी प्यायचो. एकदा तिनंच मला विचारलं, "भाऊ, आज तरी नाव पुकारतीन काय?"

माझ्या साक्षीच्या आदल्या तारखेला चाचा जवळ येऊन बसले. "मालक, मीच सांगतो सायबाले, मक्ता माहा होता म्हणून. माह्यापाशी नेयाले हाय काय? पहार नेतीन."

"आणि शपथ?"

"ते माह्या अन् अल्लाच्या मधात राहीन."

पुढच्या तारखेला मी पिंजऱ्यात उभा राहिलो. चाचा रोजानं होते की मक्त्यानं, असं विचारल्यावर मी म्हणालो, "रोजानं. मी सांगेन ते आणि सांगेन तसं करायचे." वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला.

लोक नंतर म्हणाले, सत्याला जागला. तसं काही नव्हतं. मी थकलो होतो. खोटं बोलायचं, ते ध्यानात ठेवायचं, त्याच्याशी चाचांचं बोलणं जुळवायचं, एवढं बळ अंगात उरलं नव्हतं.

निकाल लागला. सारी भरपाई माझ्यावर आली. वकील म्हणाले, "अपील करू, पाहिजे तर नागपूरपर्यंत जाऊ." मी नको म्हणालो आणि भरपाई देऊन टाकली.

निकालात लिहिलं होतं, माझी स्वतःची काही चूक नव्हती, मी केवळ धनी म्हणून जबाबदार. ते मला वाचून दाखवलं तेव्हा कान तापले. सकाळी मी कशी घाई केली होती, हे कोर्टात निघालंच नाही. घरी येताना गाडीत चाचांना विचारलं, "तुम्ही काऊन नाही सांगितलं, मालकानं घाई केली म्हणून?"

"घाई तं हरेक मालक करते," ते म्हणाले. "झाकाचं काम माह्यं होतं."

त्या पावसाळ्यात चाचा लेकीकडे जळगाव जामोदला गेले. पुन्हा सुरुंगाला हात लावला नाही, असं कानावर आलं.

धंदा मी सोडला नाही. दुसरं काही येत नव्हतं. नवा सुरुंगवाला ठेवला. तो हुशार होता, हाकाही खणखणीत द्यायचा. तरी दिवसभर उन्हात विहिरीच्या काठावरून मला उठवत नसे. तो वैतागायचा. "मालक, घरी जा ना. माह्यावर भरोसा नाही काय?"

"आहे," मी म्हणायचो, आणि बसून राहायचो.