जपानात लेकीच्या घरचं पाणी

जपानात अठरा दिवस राहून आले म्हटलं की डिंगोऱ्यातल्या बायका आधी हेच विचारतात, "मग बाई, काय काय खाल्लं?" मी रंगवून रंगवून सांगते. कुठं बसून खाल्लं, ते मात्र सांगत नाही. सतरा दिवस मी रस्त्यावर जेवले. लेकीच्या घरात गॅस होता, फ्रीज भरलेला होता, लेक रोज रांधत होती, आणि मी खाली उतरून गाड्यापाशी उभी राहून खात होते.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंड झालं की मग जायचं, पोटभर जेवायचं. हल्ली फार कुणी पाळत नाही, पण आम्ही नवराबायको पाळत होतो, अकरा वर्षं. आणि मी कोण, तर ग्रहण लागलं की वर्गातल्या पोरांना मुद्दाम शेंगदाणे वाटणारी बाई! सगळी नोकरी अंधश्रद्धेवर भाषणं ठोकण्यात गेली. पण लेकीची गोष्ट आली की शिक्षण सगळं चुलीत.

माझं माहेर घाटघरचं. लग्नानंतर माझी आई एसटीनं डिंगोऱ्याला यायची, तांदळाची पिशवी उतरवायची, ओट्यावर बसायची, आणि तहान लागली की शेजारणीकडून तांब्या मागायची. चार वर्षं असं चाललं. मग माझी लेक झाली. सव्वा महिन्यानं तिला घेऊन मी सासरी परतले, आई सोडायला आली होती. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या हातचं पाणी घेतलं. एक तांब्या संपवला नि म्हणाली, "आण गं अजून." ही गोष्ट मी लेकीला लहानपणी शंभरदा सांगितली असेल. "तुझ्यामुळं आजीला पाणी मिळालं." तिला लई आवडायची. आता वाटतं, सांगताना जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

लेक दिली मंचरला. तिच्याकडं जायचं तर मी आधी मंचरच्या स्टँडवर भजी खायची, चहा प्यायची, मगच तिच्या दारात पाऊल टाकायची. तिच्या सासूनं कप पुढं केला की म्हणायची, "आत्ताच झाला हो." सासूला कळायचं, तीही फार आग्रह करायची नाही. पुढं जावयाला ओसाकाला नोकरी लागली. निघताना मी लेकीची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि जुन्नरच्या बाजारातून शोधून आणलेला लाल खण. खण शिवून घाल म्हटलं, लवकर.

तिथं तिला तीनदा दिवस गेले आणि तीनदा राहिलं नाही. आमच्याकडं त्याला 'पडलं' म्हणतात. त्याला नाव नसतं, सुतक नसतं, बाई दोन दिवसांत कामाला लागते. मीही फोनवर तेच म्हणाले, "हुतं असं. पुन्हा राहील." मग मूल राहण्यासाठी उपचार सुरू झाले. दोन खेपा वाया गेल्या. तिसरी शेवटची, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा लेकीचा फोन आला, "आई, या टायमाला तू ये. निकाल यायच्या दिवशी मला एकटीला ऱ्हायचं न्हाई."

आमच्या ह्यांना, लेकीच्या आप्पांना, टोमॅटो आणि दोन म्हशी सोडून येणं शक्य नव्हतं. मला गाडीत बसवताना खिडकीशी आले. "कायबी झालं तरी तिच्या घरचं पाणी पिऊ नगंस. आता जवळ आलंय. आता चुकायचं न्हाई."

पोचले त्या दिवशी लेकीनं पिठलं-भात केला होता. घर एवढंसं, आपल्या शाळेच्या ऑफिसएवढं. मी खुर्चीत बसले नि पिशवीतून दशम्या काढल्या. तिचं तोंड पडलं.

"आई, अगं समुद्र वलांडून आलीस. इथं कोण बघतंय?"

"तुझं नशीब बघतंय."

"आणि ही पाण्याची बाटली? खालच्या पैसे टाकायच्या यंत्रातून मीच आणली ना?"

"यंत्रातली हाय. तुझ्या घरातली न्हाई."

तिनं वाढायचा डाव आपटला. जावईबापू बिचारे भिंतीकडं बघत बसले. मग लेकीलाच हसू आलं. "कप्पाळ माझं! बरं, घरात न्हाई ना? चल मग, रस्त्यावर जेवायला घालते तुला. बघू किती दिवस टिकतीस." डॉक्टरांनी तिला हिंडाफिरायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, फक्त ओझं उचलायचं नाही. तिला तीन आठवड्यांची रजा होती. घरात बसून वाट बघण्यापेक्षा हिंडलेलं बरं, असं दोघींनाही वाटलं.

अशी माझी जपानयात्रा सुरू झाली. ओसाकात पहिल्याच दिवशी गाड्यावर आप्पे दिसले. हुबेहूब आप्पेपात्र, पोरगा टोकदार काडीनं भराभर फिरवतोय. घातला तोंडात. अगं बया! आतून उकळता रस, जीभ पोळली, आणि मधोमध काहीतरी चिवट. "काय गं हे?" "ऑक्टोपस." आठ पायांचा प्राणी मी पाचवीच्या पुस्तकात शिकवलेला, तो दातांखाली आला. दुसऱ्या दिवशी किल्ला. किल्ल्यात लिफ्ट! शिवनेरी पायी चढणाऱ्या बाईला लिफ्टनं किल्ल्यावर नेलं. मी वर जाऊन कुणाशी डोळासुद्धा मिळवला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचे तिकोनी गोळे मिळायचे, वर समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा. घाटघरच्या माणसाला भातातलं कुणी शिकवू नये, पण खोटं कशाला बोलू, भात चांगला होता. सकाळी तोच खायची, फुटपाथच्या कडेला उभी राहून.

तिथं चालता चालता खात नाहीत. गाड्यापाशी उभं राहून संपवायचं, आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर नाहीत, म्हणून काड्या, द्रोण पिशवीत घालून घरी न्यायचे. रोज संध्याकाळी माझ्या उष्ट्या काड्या लेकीच्या घरात जायच्या आणि तिचा भात तसाच फ्रीजमध्ये. एकदा ती ती पिशवी रिकामी करताना म्हणाली, "तुझा कचरा चालतो माझ्या घरात, फक्त माझं अन्न चालत न्हाई." हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हटलं. घडा कोण होतं ते आता कळतंय.

रात्री ह्यांचा फोन यायचा. ना टोमॅटोच्या भावाचं काही, ना पावसाचं, एकच प्रश्न. "खाल्लं न्हाईस ना?" "न्हाई." "पाणी?" "न्हाई म्हटलं ना!" मग ते समाधानानं ठेवायचे.

नाराला गेलो. तिथं हरणं गावभर मोकाट, माणसांपुढं माना लववतात आणि बिस्किटं मागतात. एका हरणीनं माझा पदरच ओढला. लेक पुडा फोडून एकेकीला चारत होती, तिच्या तळहाताला त्या चाटत होत्या, आणि ती खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. मला बरं वाटलं. म्हटलं, "हरणांना पोटभर घालतीस गं."

"घालते की. ती तरी माझ्या हातचं खात्यात."

मग एक दिवस क्योतो. पानं लाल झालेली, माणसांची ही गर्दी. देवळं बघून पाय गेले. एका देवळाच्या मागच्या अंगणात दगडाच्या ठेंगण्या मूर्ती होत्या, ओळीनं, शेकडो. गोल चेहरे, मिटलेले डोळे, आणि प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं. पुढं खेळणी ठेवलेली, चिमुकले बूट, दुधाच्या डब्या. मी कौतुकानं म्हणाले, "काय गोड गं बाळं! कुणी शिवली एवढी लाळेरी?"

"आयांनी."

"नवसाची का?"

"न्हाई आई. जी जन्मलीच न्हाईत, त्यांच्यासाठी हाय हे. पोटात गेलेली. त्यांना एकटं वाटू नये म्हणून हा देव संभाळतो."

मग मला हाताला धरून ती कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं तीन मूर्ती शेजारी शेजारी. त्यांच्या गळ्यातली लाळेरी उन्हानं विटली होती, पण काठ ओळखू येत होता. माझा खण. ओटीतला. तिनं तो चोळी शिवायला दिलाच नाही, त्याची तीन लाळेरी शिवली होती.

तीन होती. मी 'पडलं' म्हणाले होते, आणि ती इकडं तिघांना कपडे करत होती. एकेका मूर्तीच्या डोक्यावरून मी हात फिरवला. गार दगड. रडू येत होतं आणि राग येत होता; तिचा नाही, माझा, त्या मेल्या परंपरेचा, सगळ्याचा. पण तरी त्या दिवशीही मी तिच्या घरी पाणी प्याले नाही. उलट मनातल्या मनात म्हटलं, आता हे चौथं तरी राहणार, इतकं सोसल्यावर देव एवढा निर्दय नसतो.

निकाल सोळाव्या दिवशी होता. सकाळी ती दवाखान्यात गेली. मला आत नेलं नाही. मी बाहेर बाकावर, जप करत. ती आली तेव्हा चेहरा कोरा. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा गाडीवर भाजलेली रताळी विकत होता. तिनं एक घेतलं, अर्धं मोडून मला दिलं. आपल्या महाशिवरात्रीच्या रताळ्याचा तोच वास. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "झालं न्हाई आई. आणि आता पुढं करायचं न्हाई. माझं शरीर आता न्हाई म्हणतंय, असं डॉक्टर बोलले." मग म्हणाली, "खा, गार हुईल." आम्ही दोघींनी ते रताळं संपवलं आणि साल पिशवीत घातलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या बॅगा भरत राहिली. मी फोनवर ह्यांना सांगितलं, निकाल अजून आला नाही. खोटं बोलले. आणि रात्रभर विचार करत पडले. सतरा दिवस ही पोर मला एकच गोष्ट मागतीये, माझ्या घरी दोन घास खा. मी कुणासाठी अडून बसलीये? जे यायचं होतं ते आता येणार नाही. निदान तिचं एक तरी मागणं पुरं करावं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी शहाणपणाचं काही ठरवतेय.

अठराव्या दिवशी, निघायच्या सकाळी, तिनं सवयीनं पिठलं-भात केला होता, दोघांपुरता. जावईबापू बॅगा खाली नेत होते. मी हात धुतले, ताट ओढलं आणि बसले. "वाढ."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं वाढलं. भात, पिठलं, वर तेल. मी पहिला घास तोंडात घातला. चव माझ्याच हातची, माझ्या आईच्या हातची. मी वर बघून हसले, म्हटलं आता ही खूश होईल.

ती डाव हातात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

"म्हंजी आई, तू बी सोडलीस."

मला घास गिळवेना, थुंकवेना. सतरा दिवस ती माझ्याशी भांडत होती, आणि सतरा दिवस माझ्या त्या हट्टावरच तिचा जीव टांगलेला होता. मी तिच्या घरात उपाशी राहत होते तोवर कुणीतरी अजून वाट बघत होतं. हे मला, सगळ्या गावाला अक्कल शिकवणाऱ्या बाईला, कळलं नाही. मी म्हटलं, "तसं न्हाई गं पोरी." पण तसंच होतं, आणि घास माझ्या तोंडात होता.

तिनं डोळे पुसले. ग्लास भरून माझ्यापुढं ठेवला. "पी. आता काय." मी प्याले. सगळं ताट संपवलं, कारण टाकलं असतं तर अजून वाईट झालं असतं.

विमानतळावर आत जाताना तिनं मला मागं ओढलं. "आई, निकालाचं मी सांगीन आप्पांना, माझं मी, कवातरी. पण तू जेवलीस हे त्यांना सांगू नगंस." मग म्हणाली, "त्यांनी तरी माझ्या घरचं पाणी पिऊ नये."

घरी आले तेव्हा हे म्हशीची धार काढत होते. चरवी खाली ठेवून आधी तेच विचारलं. "पाणी तरी प्यालीस का तिथं?"

"न्हाई."

"शाब्बास," ते म्हणाले. "अजून काय वय गेलंय तिचं." आणि पुन्हा धार काढायला बसले.