रिकाम्या मडक्यातली खरखर

कर्तृत्वाचे पोवाडे गायले जातात. विरतीचे कोणी गात नाही. जे काम हाताला साधले आहे, ज्याने घर चालते, ज्याला दाराशी येऊन मागणी आहे, ते काम एके दिवशी खाली ठेवायचे, आणि त्या कामाने ज्यांना दुखावले त्यांची सेवा पुढे आयुष्यभर करायची, याला विरती म्हणतात. शास्त्रकारांनी हा शब्द बहुधा संन्याशांसाठी राखून ठेवला. पण संन्याशाला घर सोडून जाता येते. ज्याला त्याच छपराखाली, त्याच चाकाशेजारी, स्वतः घडवलेल्या वस्तूंच्या सान्निध्यात विरत व्हावे लागते, त्याची विरती अधिक कठीण असते. तिला सोबत म्हणून कधीकधी एखादा आवाज मिळतो. भोरच्या रखमाजी कुंभारांना तसा आवाज मिळाला होता.

नीरेकाठच्या आळीत त्यांचे घर शेवटचे. मागे भट्टीची पडवी, पुढे चाक. गाळाच्या मातीत लीद आणि राख मळून त्यांनी चाळीस वर्षे माठ, सुगडे, पणत्या घडवल्या. मडके ओले असतानाच त्याच्या बुडाशी डाव्या हाताचा अंगठा दाबायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची खूण. घरोघर फ्रीज आले तसे माठ पडून राहू लागले, आणि अशा पडत्या काळात नसरापूरचा इंद्रजित त्यांच्या दाराशी आला. हा इंद्रजित महामार्गालगतच्या शेडमध्ये पक्ष्यांची पैदास करून पुण्याच्या दुकानांना पुरवीत असे. पक्षी म्हणजे बजरीगर: मुठीत मावणारे, हिरवे, निळे, पिवळे पोपट. बाजारात त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात.

"मामा, नारळाएवढं मडकं पायजे. तोंड बंद, आन् पोटाला भोक. रुपयापेक्षा जरा मोठं. मादी आत बसून अंडी घालती."

"किती करू?"

"तुमी थकाल तवर."

रखमाजी पत्र्याच्या पट्टीने ओल्या मडक्यांच्या पोटात भोके कापू लागले. त्यांच्या पत्नी रतनबाई उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. या दाम्पत्याला मूलबाळ नव्हते. बोलायचे ते एकमेकांशीच.

"अवो, मडक्याला भोक मसणात पाडत्यात. तुमी घरात पाडाय लागला."

"अगं, पाखराचं घर हाय ते. पुण्य लागंल."

"पुण्य लागतंय का काय लागतंय, ते दिसंलच की."

त्या दिवसापासून रतनबाईंनी त्या मडक्यांवर गोणपाट टाकले आणि तो कोपरा कधी झाडला नाही. सहा वर्षे मडकी जात राहिली. मग एका श्रावणात तापाचे निमित्त होऊन रतनबाई गेल्या. पुत्र नसल्याने पाण्याचे मडके रखमाजींनीच खांद्यावर घेतले. ते त्यांनीच घडवलेले होते. चितेभोवती प्रत्येक फेरीला मागून कोणी दगडाने त्याला एकेक छिद्र पाडले, आणि थंड पाण्याची धार त्यांच्या पाठीवरून उतरत राहिली. शेवटी मागे न पाहता त्यांनी ते सोडून दिले. फुटल्याचा तो आवाज आणि रतनबाईंचे उंबऱ्यातले वाक्य ही दोन्ही त्या दिवशी त्यांच्या कानात एकत्र झाली.

महिन्याभराने टेम्पोवाल्याबरोबर बसून रखमाजी चाळीस मडकी घेऊन प्रथमच इंद्रजितच्या शेडवर गेले. तोवर आपल्या मडक्यांचे पुढे काय होते हे त्यांनी पाहिले नव्हते. पाहण्याची गरजही त्यांना कधी वाटली नव्हती. भिंतीला भिंत लागावी तसे पिंजरे लागलेले होते, प्रत्येकात ओळीने मडकी टांगलेली, आणि प्रत्येक भोकातून एक मुद्रा बाहेर पाहत होती. पिसे विस्कटलेली, डोळ्यांच्या कडा ओढलेल्या.

"समद्याच बसल्यात व्हय?"

"मडकं दिसलं की मादी बसतीच, मामा. पिल्लं भाईर पडली की पुन्यांदा अंडी. मडकं काढलं तरच थांबती."

"मग कधी काढता?"

इंद्रजित हसला. "तुमी चाक थांबवून मडकं करता का?"

दाराशी टाकाऊ मडक्यांचा ढीग होता. त्यातले एक रखमाजींनी सहज उचलले, तर ते रिकाम्या मडक्यापेक्षा किंचित जड लागले. त्यांनी ते उजेडाकडे धरले. आत एक पिवळी मादी मरून वाळलेली होती, आणि भोकाच्या आतल्या कडेवर नखांचे बारीक ओरखडे होते.

"अंडं अडकलं आसंल," इंद्रजित म्हणाला. "व्हतंय त्ये. तुमी वरनं एक मडकं जास्ती द्या, झालं."

रखमाजींनी मडके उलटे केले. बुडाशी अंगठ्याची खूण होती. त्यांनी आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. तो नीट बसला.

"टेम्पो माघारी फिरीव," ते चालकाला म्हणाले, आणि इंद्रजितकडे वळून, "मडकी द्यायची न्हाईत मला. त्या कोपऱ्यातल्या तीन माद्या कशाला येगळ्या ठिवल्यात?"

"त्या संपल्यात. अंडी देत न्हाईत. सोडून देनार हाय."

"ह्यांस्नी भाईर कावळं ठिवतील का? मला द्या."

"मामीच्या मागं येड लागलं म्हनायचं का तुमाला?"

"लागलं म्हना."

घरी आल्यावर त्यांनी चाक उचलून भिंतीशी उभे केले. भट्टीच्या पडवीला तारेची जाळी ठोकली, आत पेरूच्या फांद्या बांधल्या. त्या तीन माद्यांपासून पुढचे सारे सुरू झाले. राळे आणि बाजरी, ओली कोथिंबीर, पाण्याचे परळ. हाडे ठिसूळ झालेल्या माद्यांसाठी औषधांच्या दुकानातून समुद्रफेन, म्हणजे कुरतडायला चुनखडीसारखे समुद्री हाड, आणून जाळीला अडकवायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हात जोडले: "बाबा, मी म्हशीची नाडी बघणारा माणूस. हिची नाडी शोधू कुठे?" पण पुढे त्यांनीच पुस्तके उघडून रखमाजींना ऊब देण्याची रीत सांगितली. ऊब कशी धरायची हे मात्र कुंभाराला शिकवावे लागले नाही.

विंझरची शिवानी यात आली ती तिच्या दुकानामुळे. तिचे माहेर भोरचे, याच आळीतले. सासरी वेल्ह्याच्या रस्त्यावर तिचे किराणा दुकान होते. पानशेतकडच्या बंगल्यांत सुट्टीला येणारी मंडळी मुलांना हौस म्हणून पक्षी आणीत, आणि हौस फिटली की पिंजरा तिच्या फळीवर ठेवून निघून जात. ती पिंजऱ्यावर ओढणी टाकून शेअर रिक्षाने नसरापूर, तिथून एसटीने भोर अशी यायची.

"आबा, कंडक्टर इचारतोय, हाफ तिकीट घेऊ का पोपटाचं!"

"घ्यायचं मग. वय सांगायचं."

पाहायला येणारे सगळे एकच सांगत. "आबा, मडकं लावा, पिल्लं होतील." त्यावर रखमाजींचे उत्तर ठरलेले: "कुंभाराकडनं आना." "भोरात आता कुंभार कुठं राहिलाय?" असे कोणी म्हटले की ते शांतपणे मान हलवीत. "न्हाई राहिला."

परंतु परत आणलेली ती चाळीस मडकी पडवीतच, जाळीबाहेरच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होती. ती विकायची नव्हती, फोडवत नव्हती. फुटल्याचा आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा नव्हता. आणि भर दुपारी, पक्षी डोळे मिटून गप्प झाले की, त्या ढिगातून खरखर येई. पोकळ मातीवर आतून नख ओढावे तशी. क्षणभर थांबून पुन्हा. पहिल्या वर्षी ते दर वेळी उठून गोणपाट वर करीत, एकेक मडके पाहत. आत काही नसे. शेजारी म्हणत, उंदीर असेल, वाऱ्याने भोके वाजत असतील. रखमाजी वाद घालीत नसत. पुढे त्यांनी उठणे सोडले. बसल्या जागी हात कानांवर घेत आणि पुटपुटत, "ऐकतोय गं, रतन. ऐकतोय."

तिसऱ्या वर्षी शिवानीने एक निळी मादी आणली. तिच्या चोचीवरची कातडी तपकिरी झाली होती, म्हणजे ती अंड्यावर आलेली. मडके नसल्याने ती दाण्याच्या परळात बसू पाहायची, कोपरे धुंडाळायची. रखमाजी परळ हलवीत राहिले. दहा-बारा दिवसांत शांत होईल, असा त्यांचा अनुभव.

त्या आठवड्यात दुपारची खरखर वाढली. एक दिवस आली, दुसऱ्या दिवशीही आली, आणि ऊन कलल्यावरसुद्धा थांबेना. रखमाजी कानांवर हात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या दिवशी ती फार हळू झाली, आणि त्यांना हायसे वाटले. त्याच दुपारी आठवड्याच्या बाजाराला आलेली शिवानी जाळीशी उभी राहिली.

"आबा, आपली निळी कुठं दिसंना?"

रखमाजींनी वर पाहिले. हिरवे, पिवळे, पांढरे. जाळीचा खालचा कोपरा तारेतून सुटला होता, आणि त्या फटीच्या पलीकडे हातभर अंतरावर गोणपाट होते.

ते उठले ते कसे उठले हे त्यांनाही नंतर आठवेना. सतराव्या की अठराव्या मडक्यात ती सापडली. पिसे फुगलेली, शेपटी प्रत्येक श्वासाला खाली-वर होणारी. भोक आत जाण्याइतके मोठे होते. अंडे अडकून दुबळी झाल्यावर मात्र चढून बाहेर येणे तिला जमले नव्हते. शिवानीने चुलीवर पाणी ठेवले. रखमाजींनी मादीला फडक्यात घेऊन गरम राखेच्या घमेल्यावर, वाफेत धरले. पोटाला कोमट तेलाचे बोट लावले. तास गेला. ती त्यांच्या तळव्यात एकदा ताठ झाली आणि मग तिचा श्वास थांबला.

"आबा, तुमाला काय ठावं..." शिवानी बोलू लागली.

"ठावं व्हतं," रखमाजी म्हणाले. "तीन दिस ती हाक मारत व्हती. म्या म्हनलं, आपलं नेहमीचंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीस मडकी त्यांनी नदीच्या उतारावर नेली आणि एकेक करून दगडावर फोडली. चाळीस वेळा तो आवाज ऐकला. शिवानी मुक्कामाला थांबली होती. ती मदतीला पुढे झाली, तर त्यांनी हाताने तिला थोपवले.

त्या दुपारी पडवीत एकही मडके नव्हते. पक्षी डोळे मिटून बसले. आणि खरखर आली. रखमाजी उठले, जाळीपाशी गेले, कोपरे तपासले, पक्षी मोजले. सगळे होते.

"आता कुठनं येतोय आवाज, आबा? मला तर न्हाई ऐकू येत."

"यिऊ दे. आता उठून बघायचं, एवढंच."

पुढची चार वर्षे ते रोज दुपारी उठत राहिले. एकदा एका पक्ष्याचा पाय तारेत गुंतलेला सापडला. एकदा जाळीखाली धामण होती. एरवी, शेकडो दुपारी, काहीच नसे. उठल्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही, आणि आवाज जावा म्हणून त्यांनी काही उपाय केला नाही. देवऋष्याकडे चला म्हणणाऱ्यांना ते म्हणत, "त्यो गेला तर मला उठवंल कोन?"

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. अंत्यविधीचे मडके शिवानीच्या भावाने नसरापूरच्या दुकानातून आणले. त्याचे बूड गुळगुळीत होते.

रखमाजींच्या मागे तेवीस पक्षी राहिले. ते आता विंझरला, शिवानीच्या दुकानामागच्या खोलीत आहेत. तिथे मडके नाही. दुपारी ती दुकानाची फळी अर्धी लावते, आत जाते आणि पक्षी मोजते.