मनियारीण मावशीचा उजवा डोळा

"म्या रडत न्हाई गं, डोळा गळतुय," असं म्हणतच ती आमच्या उंबऱ्याशी टोपली उतरवायची. कुणी काही विचारलेलं नसायचं. पण उजव्या डोळ्याला सतत पाणी, पदरानं टिपून टिपून गाल सोललेला. लोकांनी भलतंसलतं धरून बसण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हायचं, ही तिची तऱ्हा.

तळेगावात आणि आसपासच्या खेड्यांत बांगड्या भरत फिरणारी ही मनियारीण सगळ्या गावाची मावशी. आता ती नाही. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल. चहा अर्धा टाकून उठणारी, उठल्यावर पुन्हा तासभर दारात उभी राहून बोलणारी. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा तिनंच भरला. "सैल सोड की हात, पोरी! भांडायला आलीस का?" म्हणाली. मी होतेच भांडखोर. आमचं जमलं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास शेजारच्या वराळ्याला एका लग्नघरी ती चुडा भरत होती, आणि डोळ्यातलं पाणी नेमकं नवरीच्या मनगटावर पडलं. झालं! नवरीची आत्या कडाडली, "शुभकार्यात आसवं गाळतीया! उठवा हिला आधी." अर्धा चुडा तसाच ठेवून मावशीला उठावं लागलं. बातमी मावळभर फिरली आणि लग्नघरांची बोलावणी बंद पडली. तिचं पोट तर त्या चुड्यांवरच होतं.

माझं डोकं फिरलं. उपाय का तिनं थोडे केले होते? मध घातला, गुलाबपाणी घातलं, सुरमा तर रोजचाच. वर बांगड्या भरून झाल्या की स्वतःच्या डोळ्यात फिरवलेल्या सळईनं घरातल्या पोराबाळांच्या डोळ्यांतही सुरम्याची एकेक रेघ ओढायची. पोरं तिच्या पाठी लागायची त्यासाठी. शेवटी मी तिला दटावून आगगाडीत बसवलं आणि लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी पापणी उलटून पाहिली. म्हणाले, "जुन्या खुपऱ्या आहेत. पापणी आतून आखडलीय, तिचे केस आत वळून बुबुळावर घासताहेत, म्हणून पाणी येतं. असेच घासत राहिले तर फूल पडेल आणि दिसायचं बंद होईल. पुण्याला जाऊन पापणीची शस्त्रक्रिया करून घ्या. तोवर ते केस कुणाकडून तरी उपटून घ्या, पण ते पुन्हा येणार. आणि ती सुरम्याची सळई टाका. खुपऱ्या एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जातात."

"या अल्ला! म्हंजी पोरास्नी म्या दिलं व्हय हे?"

डॉक्टर हात धुवायला उठले. परतीच्या गाडीत तिनं खिडकीतून सळई भिरकावली आणि तळेगाव येईपर्यंत बोटांवर पोरं मोजत बसली. मला ते बघवेना.

पुण्याला मात्र गेली नाही. "तितं निजून ऱ्हाऊ? मग फेरी कोण करंल, तुजा नवरा?" मग मीच चिमटा उकळून घेऊ लागले. ती दारात उजेडाकडे तोंड करून बसायची आणि मी आत वळलेले केस एकेक करून ओढायची.

"हलू नका हो!"

"म्या न्हाई हलत. तूच थरथरतीस."

केस निघाले की डोळा कोरडा. लग्नघरी जाण्याआधी ती हमखास माझ्याकडून होऊन जायची. पुढं वराळ्याच्या त्याच आत्यानं धाकट्या पुतणीच्या चुड्याला तिला बोलावलं, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि मग माझे यजमान मुदतीच्या तापानं गेले. माझ्या बांगड्या फुटल्या. अशा घरी मनियारीण टोपली घेऊन चढत नाही, रीतच तशी. "बांगड्या भरा गं बांगड्याऽऽ" ही हाक गल्लीतून यायची आणि आमच्या दारापाशी बंद व्हायची. इतक्या दुःखातही माझा जीव वरखाली व्हायचा. तिचे केस कोण काढत असेल? फूल पडलं तर? मी चिमटा घेऊन दाराआड उभी राहायची. पावलं पुढं गेली की चडफडत आत यायची. खरं सांगते, मला तिचा संताप आला होता.

एका दुपारी ती आली. टोपली नव्हती. उंबऱ्यावर बसली आणि उजेडाकडे तोंड केलं. डोळा नुसता वाहत होता.

"इतके दिवस कुठे होतात? डोळा घालवायचाय का?" मी खेकसले.

"टोपली घिऊन कशी येऊ तुज्याकडं? आन् टोपलीबिगर कुटं जायाची मला सवय न्हाई."

मी तिची पापणी उचलली. एकही केस आत वळलेला नव्हता. फेरीत कुणाकडून तरी नुकतेच काढून घेतले असावेत. मग माझं लक्ष गेलं, डावा डोळाही वाहत होता.

"मावशी, इथे केस नाही हो."

"असंल. नीट बघ."

"नाही."

"मंग बघत ऱ्हा जरा."

मी चिमटा खाली ठेवला आणि तशीच बसून राहिले. तिनं सवयीनं माझं उघडं मनगट हातात घेतलं आणि बांगडी भरताना दाबायची तसा माझा हात हळूहळू दाबू लागली.

"सैल सोड हात, पोरी," ती म्हणाली.