शेवटापर्यंत बघितलेले सिनेमे

रामप्रसाद राठोडचं दुकान सेनगावच्या बस स्टँडसमोर आहे. मोबाईलला काच बसवून देणं हा त्याचा धंदा. काच बसवायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तो गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारतो, "घरी कोण कोण हाय? सध्या काय चालू हाय?" उत्तर ऐकलं की मोबाईलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडतो, त्यावर तीन सिनेमांची नावं लिहितो आणि फोनसोबत हातात देतो. कुणी मागितलेली नसतात. पण पुठ्ठा टाकून गेलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

"माझी यादी परत येत न्हाई, सर," असं तो मला निदान शंभर वेळा म्हणाला असेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, मूळचा हट्टा गावचा. सिनेमाचं वेड मलाही आहे आणि याद्या माझ्याकडेही आहेत. कॉलेजात असल्यापासून वहीत रेघा मारून लिहिलेल्या. विनोदी, रहस्य, युद्ध, प्रेम, भय, कौटुंबिक. मोठ्या हौसेने मी ती वही रामप्रसादला दाखवली, तर त्याने चाळून लगेच परत केली. म्हणाला, "सर, हे किराणा दुकान झालं. डाळ इकडं, तांदूळ तिकडं. पण घरी पाहुणा आलाय का माणूस आजारी हाय, ते कुठं लिवलंय याच्यात?" मला इतका राग आला की आठ दिवस मी त्या बाजूला फिरकलो नाही. मग गेलो. एक तर त्याचं म्हणणं खरं होतं, आणि दुसरं म्हणजे माझ्या फोनची काच फुटली होती.

त्याच्या याद्या दुकानाच्या आतल्या भिंतीवर चिकटवलेल्या असतात. एका पुठ्ठ्यावर 'जावई मुक्कामी आल्यावर'. एकावर 'सोयरीक पक्की व्हायच्या आधी, दोन्हीकडच्यांनी मिळून'. दहावीच्या निकालाचे दोन पुठ्ठे आहेत, पास झालेल्या लेकराचा वेगळा आणि नापास झालेल्याचा वेगळा. नापासाच्या पुठ्ठ्यावर जास्त मेहनत घेतली आहे, हे मी मास्तर म्हणून सांगतो. 'पाय मोडून पडलेल्या माणसासाठी' या यादीत एकही पळापळीचा सिनेमा नाही. 'भावाभावांत बोलणं बंद असेल तर' ही यादी बघून आमच्या गल्लीतल्या दोन भावांनी एकमेकांच्या घरी चहा घेतला. त्यात सिनेमाचा हात किती आणि त्यांच्या बायकांचा किती ते मला माहीत नाही, पण रामप्रसाद सगळं श्रेय पुठ्ठ्याला देतो.

पुठ्ठ्यावर सिनेमाचं खरं नाव बारीक अक्षरात असतं. मोठ्या अक्षरात गोष्ट असते, कारण लोक तसंच ओळखतात. 'शेळी हरवते तो.' 'तीन बहिणींचा.' 'खानावळवाला.' हे सगळे सिनेमे रामप्रसादने स्वतः बघितलेले नाहीत. दुकान सोडून तो बघणार कधी? त्याची पद्धत साक्षीची. तीन गिऱ्हाइकांनी वेगवेगळं येऊन चांगला म्हटलं, की सिनेमा भिंतीवर. तीन साक्षी म्हणजे कोर्टात फाशी होते, असं तो म्हणायचा. हे कायद्याने बरोबर नाही, पण त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी प्रियदर्शनी दुकानात आली. ही साखरा गावच्या व्यंकटरावांची मुलगी, हिंगोलीला एका दवाखान्यात नर्स आहे. व्यंकटराव पोळ्याच्या आधी गेले होते. रामप्रसादने नेहमीचे दोन प्रश्न विचारले आणि पोरीचे डोळे भरून आले.

"घरी आई एकटीच हाय, काका. तेरावं झाल्यावर लोकं टीव्ही लावतेत. आमच्याकडं सहा महिने झाले, आईनं टीव्हीवर बाबांचा टॉवेल टाकून ठेवलाय. कोणालाच काढू देत न्हाई. बोलत बी न्हाई. सकाळी 'व्हय', संध्याकाळी 'न्हाई', बस तेवढंच. आमची आई किती बोलायची, गल्लीत कोणालाबी विचारा."

ती रोज गाडीने जाऊन-येऊन आईजवळ राहत होती. पण आता तिची बदली नांदेडला झाली होती आणि आईला या अवस्थेत सोडून जायचं कसं, हा तिचा प्रश्न होता. मार्चच्या पहिल्या तारखेला तिथे हजर व्हायचं होतं.

रामप्रसादने त्या दिवशी तीन नावं लिहिली नाहीत. 'पोट धरून हसायचे' या पुठ्ठ्यावरून एकच उतरवलं, 'खानावळवाला'. म्हातारपणी नवरा-बायको खानावळ काढतात, नवऱ्याला स्वयंपाक येत नाही, तो आमटीत मीठ दोनदा टाकतो, एवढं त्याला ठाऊक होतं. "हा लाव उद्या," तो म्हणाला. "माझी यादी परत येत न्हाई."

सोमवारी यादी परत आली.

त्या दिवशी शाळा सकाळची होती, ती सुटल्यावर मी दुकानात बसलो होतो. प्रियदर्शनीने पुठ्ठा काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "आईनं टॉवेल काढू दिला, काका. हसली पण. मधे उठून स्वतः चहा केला. मग सिनेमातला तो माणूस मेला. मी म्हणलं बंद करू का, तर माझा हात धरला. सगळा संपल्यावर आई वळली, दाराकडं बघितलं अन् रडायला लागली. ते रडणं थांबेचना. मग टॉवेल परत टाकला."

"मेला?" रामप्रसाद म्हणाला. "खानावळवाला मेला?"

ती गेल्यावर त्याने ताबडतोब ग्यानबाला फोन लावला. ग्यानबा या सिनेमाचा पहिला साक्षीदार, रामप्रसादच्या तांड्यापलीकडे त्याचं शेत. फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं.

"तो मरतो व्हय?" ग्यानबाला खरोखर वाईट वाटलं. "मला वाटलं खानावळ चांगली चालली असल."

"तुमी शेवट बघितला का न्हाई?"

"लाईन आली ना, भाऊ. गव्हाला पाणी चालू होतं."

बाकीच्या दोन साक्षीदारांचंही तेच. तो सिनेमा लागला त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे मोटारीची वीज, दुपारी दोनला यायची. रविवारच्या सिनेमाला सगळे गडी बसले होते. दोन वाजले, आणि अर्ध्या सिनेमातून उठून मोटार चालू करायला गेले. आमच्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही. लाईनचा काही नेम नसतो. आली की माणूस उठतो, मग पडद्यावर लग्न लागत असो की खून होत असो. आणि दुसऱ्या दिवशी सेनगावला आला की बेधडक सांगतो, सिनेमा एक नंबर.

दुपारचा डबा घेऊन रामप्रसादची बायको मिराबाई आली तेव्हा तिने हे सगळं ऐकलं आणि हसत सुटली. "गड्यांना इचारून यादी केली? कोण्या गड्यानं आजपर्यंत शेवट बघितलाय? तांड्यात शेवट बायाच बघतेत. तुमाला मीच सांगते ना जेवताना."

रामप्रसाद त्या दिवशी जेवला नाही. खरं सांगतो, सुरुवातीला मला थोडं बरं वाटलं होतं. मी माझी वही काढून 'खानावळवाला' शोधला, म्हटलं आता दाखवतो शास्त्रशुद्ध यादी कशी असते. माझ्याकडे तो 'कौटुंबिक' या रकान्यात होता. बस, एवढंच. मीही तो बघितलेला होता आणि शेवट मलाही आठवत नव्हता. वही मी गुपचूप पिशवीत घातली.

पण रामप्रसाद हाय खाऊन बसणारा माणूस नाही. आठ दिवस तो एकेका साक्षीदाराला फोन करत होता. "शेवट बघितला का? खरं सांगा." भिंतीवरच्या एकशे चाळीस सिनेमांपैकी त्रेसष्ट सिनेमांचा शेवट एकाही साक्षीदाराने बघितलेला नव्हता. ती त्रेसष्ट नावं त्याने काळ्या पेनने खोडली. 'जावई मुक्कामी आल्यावर' या पुठ्ठ्यावर तर एकच सिनेमा उरला. मग तो मला म्हणाला, "सर, चला साखऱ्याला. माफी मागायची हाय."

आम्ही त्याच्या मोटारसायकलवर गेलो. प्रियदर्शनीची आई पार्वतीबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. आतल्या खोलीतला टीव्ही दारातून दिसत होता, वर निळ्या काठाचा टॉवेल. प्रियदर्शनीने ओळख करून दिली आणि पाणी आणायला गेली.

"माय, मी यादीवाला," रामप्रसाद म्हणाला. "माझ्यामुळं तुमाला तकलीफ झाली. तो माणूस शेवटी जातो हे मला ठाऊक नव्हतं."

पार्वतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "तकलीफ काहून? सिनेमा बराबर होता."

"पण तो मेल्यावर तुमी…"

"मरतंयच की माणूस. त्याच्यात नवं काय हाय?" त्या सरळ बोलल्या. "पुढं ती बाई काय करते ते बघितलं का तुमी?"

रामप्रसादने नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितला आहे पण आठवत नाही, असं म्हणालो. गृहपाठ न केलेल्या पोरांकडे मी ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तिसऱ्या दिवशी खानावळ उघडते ती," पार्वतीबाई म्हणाल्या. "आमटी करते. त्याच्यात मीठ दोनदा टाकते, मुद्दाम. लोकं जेवायला बसतेत. एक माणूस कुरकूर करत न्हाई. सगळे ती खारट आमटी गुमान खातेत. एक जण तर परत वाढा म्हणतो. इतका चांगला शेवट."

मग त्या तुरीच्या दाण्यांवरून हात फिरवत राहिल्या. प्रियदर्शनी पाण्याचे तांबे घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली.

"एकतीस वर्षं झाली लग्नाला," पार्वतीबाई म्हणाल्या. "आमच्या मालकानं एक सिनेमा पुरा बघितला न्हाई. लाईन आली की उठले. वावरातून आले की हातपाय धुवायचे, ताटावर बसायचे अन् इचारायचे, मग काय झालं पुढं? मी सांगायची. ते जेवायचे. कधी कधी मी शेवट बदलून सांगायची, थकून आलेले असले तर. त्यांना काय ठाऊक. त्या रविवारी सिनेमा संपला अन् मी दाराकडं बघितलं. शेवट तोंडात आलेला अन् सांगावं कोणाला?"

प्रियदर्शनी म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलं?"

"तू सोबतच बसली होतीस, बाई. तुला काय सांगू?"

रामप्रसादला लगेच एक गोष्ट सुचली. एवढ्यासाठीच मला तो माणूस आवडतो. आपण चुकलो हे कळल्यावर तो डोकं धरून बसत नाही, कामाला लागतो. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पार्वतीबाईंच्या सुपाशेजारी ठेवला. खोडलेले त्रेसष्ट सिनेमे होते त्यावर.

"माय, याचे शेवट मला ठाऊक न्हाईत," तो म्हणाला. "कोण्याच गड्याला ठाऊक न्हाईत. अन् शेवट ठाऊक असल्याशिवाय मी आता कोणाला नाव लिहून देणार न्हाई. सेनगावात माझी भिंत मोकळी पडलीय. दुपारी एकला माझा डबा येतो. एकेक सिनेमा बघून झाला की त्या वेळेला मला फोन करून शेवट सांगा."

पार्वतीबाईंनी कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "'शेळी हरवते तो,'" त्या म्हणाल्या. "सापडते का?"

"तेच तर ठाऊक न्हाई."

"बदलून सांगू का बराबर सांगू?"

"बराबर सांगा. लोकं माझ्या यादीच्या भरवशावर असतेत."

प्रियदर्शनी ठरल्या तारखेला नांदेडला हजर झाली. भिंतीवर आता नवा पुठ्ठा आहे, सगळ्यात वर. 'शेवटापर्यंत बघितलेले'. त्याखालच्या प्रत्येक नावापुढे साक्षीदाराच्या जागी एकच नाव, 'पार्वतीबाई, साखरा'. मी माझ्या वहीतही एक नवा रकाना आखला आहे. तो भरायला मला आधीचे सगळे सिनेमे पुन्हा बघावे लागणार आहेत, तरी माझी तक्रार नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. रविवार होता. मिराबाईने डबा ठेवला होता पण एका पोराच्या फोनची काच बसवायची राहिली होती, म्हणून रामप्रसादने फोन स्पीकरवर टाकला आणि हातातलं काम चालू ठेवलं.

"बोला माय. शेळीचं काय झालं?"

"जेवायला बसलात का?" पलीकडून पार्वतीबाईंनी विचारलं.

"न्हाई, हे जरा काम…"

"मग आधी ताटावर बसा. असं उभ्या उभ्या मला सांगता येत न्हाई."

रामप्रसादने काच बाजूला ठेवली, हात धुतले आणि डबा उघडला. मी घरून जेवून आलो होतो, तरी मिराबाईकडून एक भाकरी मागून घेतली आणि त्याच्याशेजारी बसलो.