अठ्ठावीस इंचांवरची माशी

आमच्या कागल भागात बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारका दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून बघायचं, खाचेच्या मधोमध माशी आणायची, तिचं डोकं खाचेच्या कडेला लावायचं आणि चाप ओढायचा. टोरोंटोतल्या शिकल्यासवरल्या मराठी माणसांकडं फ्रंट साइट असते. तिथल्याच एटोबिको उपनगरातल्या बळवंत खराड्यांकडं मात्र माशीच होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका शब्दानं केला.

बळवंतदादा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर तयार झालेला गडी. चौऱ्याहत्तर साली इकडं आला आणि एका टूल-रूममध्ये चौतीस वर्षं साचे घासत राहिला. तिथल्याच एका पोलिश सोबत्यानं त्याला नेमबाजीच्या क्लबात नेलं. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी पिस्तुलाची कुलूपबंद पेटी डिकीत, घरातून निघायचं ते थेट क्लब आणि क्लबातून थेट घर. वाटेत इकडंतिकडं रेंगाळायचं नाही, कायदाच तसा.

"कायदा बरोबर ह्यांच्या सोयीचा केलाय," सुनंदावहिनी म्हणायच्या. "शनिवारी ग्रोसरीला थांबा म्हटलं की सरकार आडवं येतं."

पिस्तूल जुन्या लष्करी घाटाचं. जाड, काळं, हातात घेतलं की भरलेल्या तांब्यागत वजन. त्यावरची माशी जुन्या काळच्या रिवाजाप्रमाणं जोंधळ्याच्या दाण्याएवढी. तीस वर्षं त्या दाण्यावर दादानं नेम धरला. वीस यार्डावर त्याच्या दहा गोळ्या तळहातात मावायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या पसरायला लागल्या. आधी ताटलीएवढ्या, मग परातीएवढ्या. क्लबातली माणसं सभ्य, कुणी काही बोललं नाही. दादाला तेच जास्त लागलं.

मी त्याच्याच मुलखातला, मला म्हणाला, "नवी माशी बसवतो. दिवाळीपातुर गोळ्या एका जागी आल्या तर आल्या. न्हाई आल्या तर पिस्तूल इकून टाकायचं. लोकांनी कीव करावी आनि आपण टिऱ्या खाजवत हुबं ऱ्हावं, ह्ये मला जमायचं न्हाई."

दादा बोलला की करतो, हे मला ठाऊक होतं. सिगारेट अशीच सोडली त्यानं, आणि सख्ख्या भावाशी बोलणंही.

सप्टेंबरात पार्सल आलं. रुंद, उंच माशी, तिच्या पाठीवर पितळी ठिपका, आणि तिला जुळणारी मागची मोठी खाच. बेसमेंटात दादाचं छोटं मिलिंग मशीन होतं. त्यानं पिस्तूल खोललं, वरचा सरकता भाग मशीनवर बांधला, जुन्या माशीचं बूड उपटलं आणि नव्या माशीसाठी आडवी घळ कापायला घेतली. तळाशी रुंद, वर अरुंद, म्हणजे आत बसलेली माशी उचलून निघणार नाही. कापताना हात अजिबात हलत नव्हता. मात्र व्हर्नियरवरचं बारीक माप वाचायला तो मला सांगत होता.

"चष्मा कुठं गेला, दादा?"

"हाय की नाकावर. उजेड कमी हाय हितं."

डोक्यावर दोन ट्यूबा जळत होत्या. मी वाचून सांगितलं. त्यानं पितळी पंचानं टकटक करत माशी आत सरकवली आणि लाकडाच्या तुकड्यानं चेपून बघितली. ती पाचरीसारखी बसली होती. काम इतकं साफ, की ही घळ कारखान्यातून आली नाही असं कुणी म्हटलं नसतं.

शनिवारी मी पाहुणा म्हणून क्लबात गेलो. गोळ्या खाली लागल्या. दादा म्हणाला, "माशी उंच हाय. पुढची माशी कापली की गोळी वर चढती. मागच्या खाचेचं न्यारं, ती सरकंल तिकडंच गोळी जाती. पुढच्या माशीचं समदं उलटं, सासरवाडीगत." घरी येऊन कानस मारली. पुढच्या शनिवारी गोळ्या तरी खालीच. पुन्हा कानस. असं करत करत चार शनिवारांत त्यानं छत्तीस थाऊ लोखंड घासलं, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गोळ्यांचा मध्य तेवढा निशाणावर आला. पसारा होता तेवढाच राहिला.

दिवाळी दहा दिवसांवर आली तेव्हा त्याचा मला फोन आला. वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"काय सांगू तुला," दादा म्हणाला. "माशी जाग्यावर ऱ्हाईना. हिकडं बघावं तर दोन माशा दिसत्यात, एकीवर एक. त्यातली खरी कुठली त्येच कळंना."

एवढं वहिनींच्या कानावर पडलं. त्यांच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला, शुभदाच्या यजमानांना, डोळ्यापुढं अशाच माशा उडायला लागल्या होत्या आणि आठवड्यात डोळ्याचा पडदा सुटला होता. वहिनींनी हातातला टॉवेल ठेवला आणि आतल्या खोलीतून डोळ्यांच्या क्लिनिकला फोन लावला. माझा नवरा डोळ्यात माशा घेऊन हिंडतोय, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. पलीकडच्या बाईनं दोनदा विचारून घेतलं, मग तिला उमगलं. तिनं त्याच दुपारी बोलावलं.

दादा गाडीत बसून कुरकुरत होता. "अगं माझ्या डोळ्यात न्हाई, पिस्तुलावर माशी हाय."

"दोन दिसत्यात म्हणालात न्हवं?"

"व्हय."

"पिस्तुलावर किती हायती?"



क्लिनिकात तपासलं, पडदा शाबूत निघाला. डॉक्टरीण बाईंनी उजव्या डोळ्यात दिवा धरला आणि मोतीबिंदू सांगितला, पिकायला लागलेला. एकाच डोळ्याला वस्तूबरोबर तिची सावलीही दिसते ती त्याच्यामुळंच. ही सावली जरा वरच्या अंगाला पडत होती.

दादानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. आजारानं माणूस घाबरतो तसा तो घाबरला नव्हता. पोराला नाहक मारून बसलेल्या बापासारखा दिसत होता.  दिवाळीची मुदत गेली, पण खोट डोळ्यात निघाली म्हणून पिस्तूल विकलं नाही, ते कुलपातच राहिलं. ऑपरेशनचा नंबर मार्चचा लागला.

त्याआधी बाईंनी विचारलं की आत बसवायचं भिंग लांबचं हवं की जवळचं. लांबचं घेतलं तर रस्ता साफ दिसेल, जवळचं घेतलं तर पेपर. बहुतेक माणसं लांबचं घेतात म्हणे. दादा म्हणाला, उद्या सांगतो. घरी येऊन त्यानं रिकामं, कुलूप लावलेलं पिस्तूल दोन्ही हातांत धरून समोर ताणलं आणि वहिनींना टेप धरायला लावली. भुवईपासून माशीपर्यंत.

"किती आलं?"

"अठ्ठावीस."

"नीट बघ."

"अठ्ठावीस इंच. ह्या वयात माणसं डोळ्याला रस्ता मागत्यात, आनि तुमाला ह्ये पायजे?"

"रस्त्याला चष्मा लावंन. माशीला चष्मा लावून बघितला, चालत न्हाई."

वहिनींनी टेप सोडली, ती खळकन गुंडाळली गेली. "अठ्ठावीस इंचावर आनिक काय येतं ठावं हाय? जेवताना ताट. आता भाजीतला केस न् केस दिसंल, आनि मी ऐकत बसंन." एवढं बोलून त्यांनी स्वतःच कागदावर अठ्ठावीस लिहून फ्रिजवर चिकटवलं, म्हणजे सांगताना चूक नको.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही क्लबात गेलो. विंटर टायर अजून निघाले नव्हते, रस्त्याकडेला बर्फाचे काळे ढीग होते. दादानं पिस्तूल उचललं, नेम धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग खाली केलं.

"काय झालं?"

"काय न्हाई. एकच हाय."

त्यानं दहा गोळ्या सावकाश झाडल्या. निशाण जवळ आणून बघितलं तर दहाही तळहातात मावतील अशा. फक्त मध्यापासून चार इंच वर.

मला कळेना. दादाला कळलं. तो बाकावर बसला आणि माशीवरून अंगठा फिरवत राहिला. दोन माशा दिसत होत्या तेव्हा तो वरची सावली खाचेला लावत होता. खरी माशी खाली राहायची, म्हणून गोळी खाली जायची. त्यानं माशी कापली. डोळ्याची चूक लोखंडातून वजा केली. आता चूक गेली आणि कापलेलं तेवढं उरलं.

"तीस वर्सं नव्या पोरांना एकच शिकवलं," तो म्हणाला. "माप चुकलं तर आदी मापायचं गेज तपासा, मग घडवायच्या जॉबला हात लावा. आनि मी चार शनवार जॉब कापत बसलो."

"मग आता? इकायचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी अगदीच बावळट असल्यागत. "इकू कशाला? गोळ्या एका जागी आल्यात की. कापलेली माशी वाढत न्हाई, दुसरी मागवायची."

घरी वहिनींनी ताटं वाढली. दादानं भाकरी मोडली, ताटात जरा निरखून बघितलं, आणि चिमटीत काहीतरी उचलून हळूच ताटाखाली सारलं. वहिनी आमटी वाढत होत्या.

"सापडला न्हवं?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

"न्हाई," दादा म्हणाला. "जिरं हुतं."