जॅकेटवरचा दुसरा माणूस

जाई शहरातल्या पीडित-सहाय्य कार्यालयात क्वो स्यू-यिन बाईंचं टेबल जिन्याखाली आहे. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत डीएनए तपासत होत्या. निवृत्तीनंतर त्या अहवाल समजावून सांगतात: फिर्यादींना, वकिलांना आणि आपल्याला सगळं कळतं असं समजून येणाऱ्या पोलिसांनाही. सांत्वन त्या करत नाहीत. चहा देतात.

मार्चमध्ये हुआंग पेइ-रू आईबरोबर आली. पेइ-रू नाश्त्याच्या दुकानात काम करते. स्कूटर लावताना कुणीतरी मागून जॅकेटची कॉलर धरून तिला ओढलं होतं, ती निसटली. माणूस एकच होता, असा तिचा जबाब. कॉलरवर मात्र दोन परक्या पुरुषांचा डीएनए निघाला. तपास अधिकारी तिला म्हणाला होता, "एक की दोन, ते आधी ठरव." जबाबावरचा विश्वास उडाला तर प्रकरण तिथंच मिटणार होतं.

बाईंनी अहवाल दोनदा वाचला. डीएनए कुणाचा ते कळतं, तो केव्हा आणि कसा लागला ते त्यातून कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग पोलिसांत देईपर्यंत जॅकेट कुठे होतं, ते विचारलं.

घरीच, खुंटीला, असं पेइ-रूने सांगितलं. आई कपात बघत राहिली.

"काकू, धुतलं होतंत का?" बाईंनी आईला विचारलं.

"नाही हो."

"मग कुठे नेलं होतंत?"

पोरगी रात्रभर दचकत होती, घास खात नव्हती. म्हणून सकाळीच आई जॅकेट घेऊन देवळामागच्या च्वांग आजोबांकडे गेली होती. भेदरून सुटलेला जीव ते परत बोलावतात. वाटीभर तांदळावर त्यांनी जॅकेट गुंडाळलं, कॉलर मुठीत आवळली आणि ते तोंडाशी धरून पाव तास मंत्र पुटपुटले.

"सरकारी ऑफिसात हे कसं सांगणार? हसले असते सगळे."

"आणि मला खोटारडी म्हणाले, ते चाललं तुला?" पेइ-रू म्हणाली.

बाईंनी त्याच दिवशी पोलिसांना पत्र लिहून आजोबांचा नमुना घ्यायला कळवलं. एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी निमूट गालाच्या आतून काडी फिरवू दिली. मग अधिकाऱ्याला म्हणाले, "तुमचाही चेहरा उतरलाय साहेब. एखादा शर्ट आणून द्या."

दोघांपैकी एक आजोबा निघाले. उरला एक, पेइ-रूने सांगितलेला. त्याचं नाव अजून कळलेलं नाही, पण तपास चालू राहिला. बाईंच्या प्रश्नावलीत 'कपडे धुतले का?' याच्याखाली आता 'जीव बोलवायला नेले का?' अशी ओळ आहे.

शेवटच्या भेटीत आईने जॅकेट परत मागितलं. मंत्र झाल्यावर ते अंगात घालावं लागतं, ते राहूनच गेलं होतं.

"खटला संपेपर्यंत ते सीलबंदच राहणार," क्वो बाई म्हणाल्या. "आजोबांकडे दुसरं काहीतरी न्या."

पेइ-रूने पिशवीतून दुकानातला एप्रन काढला आणि आईच्या हातात दिला.